उत्तरपत्रिका वाचतंय कोण?

१८ जुलै २०१७ रोजी मुंबई विद्यापीठाला १६० वर्षं पूर्ण झाली. एरवी अशा दिवशी राजाबाई टॉवरचे फोटो छापून येतात, नामवंत माजी विद्यार्थ्यांच्या याद्या निघतात. त्या वर्षी मात्र वर्तमानपत्रांत एकच विषय होता, रखडलेले निकाल. उन्हाळी परीक्षांच्या सतरा लाखांहून जास्त उत्तरपत्रिका तपासायच्या होत्या, आणि विद्यापीठाने त्या सगळ्या एकदम संगणकाच्या पडद्यावर तपासायचं ठरवलं होतं. उत्तरपत्रिका स्कॅन करायच्या, पानांच्या प्रतिमा महाविद्यालयांतल्या संगणकांवर पाठवायच्या आणि प्राध्यापकांनी लॉग-इन करून गुण द्यायचे, अशी योजना होती. परीक्षा सुरू झाल्या तरी कंत्राट कुणाला द्यायचं हे ठरलेलं नव्हतं. प्राध्यापकांची तयारी जेमतेम. कुणाला भलत्याच विषयाची पानं दिसत होती, कुणाच्या पडद्यावर पुरवणीच येत नव्हती.

कायद्याप्रमाणे निकाल जास्तीत जास्त ४५ दिवसांत लागायला हवेत. कुलपती या नात्याने राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत घालून दिली. काही दिवस वर्ग बंद ठेवून प्राध्यापकांना तपासणीला बसवलं, बाहेरच्या विद्यापीठांची मदत घेतली. तरी मुदत उलटली आणि निकाल सप्टेंबरपर्यंत रखडले. परदेशी प्रवेश मिळालेल्या कित्येक मुलांना गुणपत्रिकाच दाखवता आली नाही. काहींच्या उत्तरपत्रिका सापडेनात. २४ ऑक्टोबरला कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आलं.

या प्रकरणाचा निवाडा तेव्हा बहुतेकांनी एका वाक्यात केला: घाई केली, तंत्रज्ञान अंगाशी आलं. ते खरंच आहे. पण त्या आकड्याकडे जरा थांबून पाहायला हवं. एका विद्यापीठाकडे एका हंगामात सतरा लाख उत्तरपत्रिका येतात कशा? मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या सातशेच्या वर महाविद्यालयांत शिकवणारा एक, प्रश्न काढणारा दुसरा, तपासणारा तिसरा आणि पदवी देणारा चौथा, ही व्यवस्था आपल्याला इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्याबद्दल प्रश्नच पडत नाही. ती संगणकाने आणलेली नाही. ती १८५७ सालची आहे.

वर्ग नसलेलं विद्यापीठ

१८५४ सालच्या वुडच्या खलित्यात हिंदुस्थानात विद्यापीठं काढण्याची शिफारस होती आणि त्यासाठी नमुना म्हणून लंडन विद्यापीठाचं नाव होतं. ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजचं नव्हे. हा तपशील महत्त्वाचा आहे. १८३६ साली सनद मिळालेलं लंडन विद्यापीठ स्वतः कुणाला शिकवत नसे. शिकवण्याचं काम महाविद्यालयांचं, विद्यापीठाने परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. १८५७ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास इथे जी तीन विद्यापीठं निघाली ती याच साच्यातली. मुंबईच्या विद्यापीठाकडे वर्ग नव्हते, स्वतःचे प्राध्यापक नव्हते. कारभार बराच काळ टाउन हॉलमधून चाले. पुढे कावसजी जहांगीर रेडिमनी आणि प्रेमचंद रायचंद यांच्या देणग्यांतून दीक्षान्त सभागृह, ग्रंथालय आणि १८७८ साली राजाबाई टॉवर उभा राहिला. पदवी द्यायला सभागृह, पुस्तकांना इमारत, वेळ सांगायला घड्याळ. वर्ग तेव्हाही नव्हताच.

सरकारच्या दृष्टीने ही रचना स्वस्त होती. इंग्रजी जाणणारे कारकून, वकील, मामलेदार हवे होते. त्यांची पारख करणारी एक सामाईक फूटपट्टी मिळाली की काम भागणार होतं. १८६२ साली मुंबई विद्यापीठाचे पहिले चार बी.ए. बाहेर पडले: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. चार जणांच्या उत्तरपत्रिका परीक्षकांनी किती बारकाईने वाचल्या असतील याची कल्पना करता येते. ही फूटपट्टी चारांसाठी बनली होती. तिनेच पुढे लाखांना मोजायचं होतं.

परीक्षेच्या बाजूने

पण परीक्षेला सरसकट झोडपणंही बरोबर नाही. परीक्षेच्या बाजूने बोलणाऱ्यांत एक नाव असं आहे की दचकायला होतं. १८८२ साली हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी सरकारला धारेवर धरलं ते उच्च शिक्षणावरच्या खर्चासाठी. रयतेच्या करातून पैसा येतो आणि तो वरच्या जातींच्या मूठभर मुलांच्या महाविद्यालयांवर जातो, प्राथमिक शाळा मात्र उपाशी, हा त्यांचा मुद्दा सर्वश्रुत आहे. त्याच निवेदनातली दुसरी एक मागणी फारशी कुणाच्या लक्षात नसते. प्रवेश परीक्षेला खासगी अभ्यास करून बसता येतं याबद्दल विद्यापीठाचे आभार मानून फुले म्हणतात की ही सवलत बी.ए., एम.ए.सारख्या वरच्या परीक्षांनाही द्यावी. म्हणजे महाविद्यालयाची पायरी न चढता, घरी अभ्यास करून ज्याला पदवी मिळवता येईल त्याला ती मिळावी.

ही मागणी त्या काळात किती पुढची होती! ज्या मुलाला महाविद्यालयाची फी परवडत नाही, वसतिगृहात ज्याला कुणी शेजारी बसवून जेवू घालणार नाही, त्याच्यासाठी परीक्षा हे एक उघडं दार होतं. उत्तरपत्रिकेवर बैठक क्रमांक असतो, जात नसते. परीक्षकाला मुलाचं तोंड दिसत नाही, त्याची भाषा ऐकू येत नाही. शिक्षकाच्या मर्जीपेक्षा अनोळखी परीक्षकाची तटस्थता ज्याला जास्त भरवशाची वाटते, असा विद्यार्थी या देशात तेव्हाही होता आणि आजही आहे. तोंडी परीक्षेत आणि अंतर्गत गुणांत आपल्याला खाली ओढलं जातं, ही तक्रार उगाच होत नाही. म्हणून ‘परीक्षा रद्द करा’ ही घोषणा वाटते तितकी पुरोगामी नसते. परीक्षेने दिलेलं ते एक आश्वासन लक्षात ठेवून पुढचा इतिहास पाहायला हवा.

गाईडचा जन्म

सगळं काही एका परीक्षेवर ठरायचं म्हटल्यावर त्या परीक्षेचा तोडगा विकणारा बाजार उभा राहणारच. त्या काळचं नवं तंत्रज्ञान म्हणजे छापखाना. नेमलेल्या पुस्तकाचा अर्थ, सारांश, संभाव्य प्रश्न आणि त्यांची तयार उत्तरं छापलेल्या ‘की’ विकल्या जाऊ लागल्या. आपल्या ओळखीच्या ‘गाईड’ची ही आजी. मूळ पुस्तक न उघडता उत्तीर्ण होता येतं हे मुलांनी फार लवकर ओळखलं आणि त्यात त्यांचा दोष कमीच होता. परीक्षा जे मोजत होती तेच ते आणून देत होते.

लॉर्ड कर्झनने १९०२ साली नेमलेल्या विद्यापीठ आयोगाने यावर नेमकं बोट ठेवलं. परीक्षेने शिकवण्याच्या मागून जायला हवं होतं, इथे शिकवणंच परीक्षेच्या मागून चाललं आहे आणि हाच सर्वांत मोठा दोष आहे, असा त्या अहवालाचा आशय होता. निदान अचूक. उपाय काय केला? १९०४ सालचा कायदा. त्याने विद्यापीठांना शिकवण्याची मुभा दिली हे खरं, पण त्याबरोबर सिनेटवर सरकारची पकड घट्ट केली आणि संलग्नतेचे नियम कडक केले. दुखणं शिकवण्याचं होतं, मात्रा देखरेखीची दिली गेली. हा प्रकार आपल्याला पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

मुंबई विद्यापीठाने स्वतः शिकवायला सुरुवात केली ती १९१९ साली, समाजशास्त्र आणि अर्थशास्त्राच्या विभागांपासून. स्थापनेनंतर तब्बल ६२ वर्षांनी. समाजशास्त्राच्या विभागात पॅट्रिक गेडिस आले, त्यांच्यामागून गो. स. घुर्ये. १९३३ साली रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग निघाला, तोच पुढे ‘यूडीसीटी’ म्हणून नावाजला. शिकवणारं आणि संशोधन करणारं विद्यापीठ कसं असतं हे या मोजक्या विभागांनी दाखवलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२४ साली विद्यापीठ सुधारणा समितीपुढे हीच दिशा मांडली होती: शिकवणं आणि संशोधन केंद्रस्थानी हवं, आणि उच्च शिक्षण गरिबाच्या दारापर्यंत जायला हवं. फुल्यांचं उघडं दार आणि आंबेडकरांचा चांगला वर्ग या दोन्ही गोष्टी एकत्र हव्या होत्या. प्रत्यक्षात दार हळूहळू उघडत गेलं, पण आतला वर्ग त्या मानाने वाढला नाही.

१९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगाने तर म्हटलं की विद्यापीठीय शिक्षणात एकच सुधारणा सुचवायची झाली तर आम्ही परीक्षांची सुचवू. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने अंतर्गत मूल्यमापनावर भर दिला. नंतर सत्रपद्धत आली, प्रकल्प आले, असाइनमेंट आल्या. वर्षाअखेरच्या तीन तासांच्या घोकंपट्टीवर उतारा म्हणून घरी करायच्या लेखी कामाला गुण मिळू लागले. हा धागा सोडू नका, त्याच्याकडे पुन्हा यायचं आहे.

झेरॉक्स आणि टक्केवारी

यंत्र आलं की विद्यापीठाचं नुकसानच होतं असा काही नियम नाही. झेरॉक्सचं उदाहरण घ्या. परदेशी प्रकाशनाचं पुस्तक ज्याच्या महिन्याच्या खर्चापेक्षा महाग, त्या विद्यार्थ्याला महाविद्यालयाबाहेरच्या झेरॉक्सवाल्याने शिकवलं असं म्हटलं तरी चालेल. २०१२ साली तीन बड्या प्रकाशनसंस्थांनी दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी या दुकानावर दावा लावला. सप्टेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिकवण्यासाठी केलेल्या प्रतींच्या बाजूने निकाल दिला आणि २०१७ साली प्रकाशकांनी खटला सोडून दिला. इथे यंत्राने दार रुंद केलं. कारण प्राध्यापकांनी निवडलेले लेख मुलं वाचत होती आणि वर्गात त्यांवर बोलत होती. त्याच यंत्रातून परीक्षेच्या आदल्या रात्री ‘अपेक्षित’ प्रश्नांच्या बारीक अक्षरातल्या प्रतीही निघत होत्या. यंत्र एकच. फरक पडला तो त्याच्या पलीकडे वर्ग होता की फक्त परीक्षा होती, यामुळे.

मोजण्याचा सोस विद्यार्थ्यांवरून प्राध्यापकांवर आला तो या शतकात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांनी प्राध्यापकांच्या बढतीसाठी ‘एपीआय’ नावाचे गुण आणले. शोधनिबंध छापला की इतके गुण, परिषदेत वाचला की तितके. गाईडचा बाजार जसा उभा राहिला तसाच नियतकालिकांचा उभा राहिला. पैसे भरा, छापून घ्या. आयोगाने मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी केली आणि मे २०१८ मध्ये त्याच यादीतून ४,३०५ नावं काढून टाकावी लागली.

त्याच वर्षी वाङ्मयचौर्याविरुद्धचे नियम आले. प्रबंधातलं साम्य सॉफ्टवेअरने मोजायचं. १० टक्क्यांपर्यंत माफ, ४० पर्यंत दुरुस्ती, ६० पर्यंत वर्षभर प्रबंध सादर करायला बंदी, त्यावर नोंदणी रद्द. चोरी टक्क्यांत मोजायची कल्पना आली आणि मार्गदर्शकाने प्रबंध वाचण्याऐवजी अहवालातला आकडा वाचायची सोय झाली. मराठीत तर हा प्रकार अधिकच विनोदी ठरला. हे सॉफ्टवेअर शब्दांशी शब्द जुळवतं. इंग्रजी पुस्तकाचं प्रकरण उचलून मराठीत उतरवलं तर त्याला पत्ता लागत नाही. जुने मराठी प्रबंध युनिकोडपूर्व फॉन्टांत टंकलेले किंवा नुसते स्कॅन केलेले असतात, ते या यंत्राच्या लेखी कोरे कागद. म्हणजे प्रामाणिकपणे अवतरणचिन्हांत उतारे देणाऱ्याला टक्क्यांची धास्ती, आणि अख्खं प्रकरण अनुवादून घेणारा सुखरूप. हे ओळखायला एकच साधन पुरेसं होतं: त्या विषयातलं वाचलेला आणि हाही प्रबंध वाचणारा माणूस.

नोव्हेंबर २०२२ नंतर

३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी सगळ्यांसाठी खुलं झालं. आता तो मघाचा धागा उचलूया. घोकंपट्टीवर उतारा म्हणून आणलेलं घरचं लेखी काम, म्हणजे निबंध, असाइनमेंट, प्रकल्प, हे सगळं आता यंत्र काही सेकंदांत लिहून देतं. परीक्षेवरचा उपायच निकामी झाला.

लगेच ‘हे यंत्राने लिहिलं आहे का’ हे ओळखणारी यंत्रं बाजारात आली. त्यांचं काय झालं तेही पाहण्यासारखं आहे. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपन-एआयने स्वतःचं ओळखयंत्र जानेवारी २०२३ मध्ये आणलं आणि ते पुरेसं अचूक नाही म्हणून जुलैमध्ये मागे घेतलं. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी त्याच वर्षी अशी सात ओळखयंत्रं तपासली. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशा लोकांनी स्वतः लिहिलेले टोफेलचे निबंध या यंत्रांनी सरासरी निम्म्याहून जास्त वेळा यंत्रलिखित ठरवले. कारण साधं आहे. परकी भाषा जपून लिहिणारा माणूस नेहमीचे शब्द आणि सरळ वाक्यं वापरतो, आणि यंत्राला तेच यंत्रासारखं वाटतं. मराठी माध्यमातून आलेली, दहावीनंतर इंग्रजीशी झगडत लिहायला शिकलेली मुलगी आणि तिचं बेताचं, नेटकं इंग्रजी डोळ्यांसमोर आणा. चोर म्हणून पहिली पकडली जाण्याचा धोका तिला सर्वांत जास्त आहे. पैसे मोजून चांगलं साधन वापरणारा आणि वाक्यं फिरवून घेणारा सहज निसटेल. बैठक क्रमांकामागे जात लपवणाऱ्या त्या जुन्या परीक्षेत जो न्याय होता तोही इथे उरत नाही.

२०२४ साली हरियाणातल्या एका खासगी विद्यापीठाच्या एलएलएमच्या विद्यार्थ्याचं प्रकरण पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयात गेलं. उत्तर यंत्राकडून लिहून घेतल्याचा ठपका ठेवून त्याला नापास केलं होतं. प्रकरण न्यायालयात असतानाच विद्यापीठाने त्याला उत्तीर्ण केलं आणि याचिका निकाली निघाली. पुरावा कशाला म्हणायचं हा प्रश्न तसाच राहिला.

अशा वेळी सर्वांत सोपा मार्ग म्हणजे मागे जाणं. घरचं काम बंद, पुन्हा तीन तासांची हस्तलिखित परीक्षा, दारावर झडती, वर्गात कॅमेरे. एकविसाव्या शतकातलं यंत्र आपल्याला १८५७ च्या परीक्षागृहात नेऊन बसवणार, अशी चिन्हं आहेत. दुसऱ्या बाजूला उत्तरपत्रिकाही यंत्रानेच तपासाव्यात असं म्हणणारे आहेत. तसं झालं तर विद्यार्थ्याचं यंत्र लिहील, विद्यापीठाचं यंत्र वाचेल आणि दोघांमध्ये माणूस असेल तो फक्त फी भरणारा.

तीस तासांचा हिशोब

यावर उपाय काय हे खरं तर कुणापासून लपलेलं नाही. मुलाने लिहून आणलेलं वाचायचं, त्याला समोर बसवून विचारायचं: हे वाक्य का लिहिलंस, हे पुस्तक कुठे मिळालं, याच्या उलट कुणी म्हटलंय का? यंत्राने दिलेलं अस्तित्वातच नसलेलं पुस्तक या दुसऱ्याच प्रश्नाला उघडं पडतं. यंत्र वापरलं असेल तर तेही सांगू द्यावं आणि त्याने काय चुकवलं ते शोधायला लावावं. त्यात शिकणं भरपूर आहे.

आता हिशोब करू. वर्गात १२० मुलं. प्रत्येकाला १५ मिनिटं. झाले ३० तास, एका विषयाचे, एका वेळचे. आपल्या कित्येक महाविद्यालयांत हा विषय शिकवणारा माणूस सीएचबीवर असतो, म्हणजे तासिका तत्त्वावर. त्याला पैसे मिळतात ते वर्गात घेतलेल्या तासाचे. या ३० तासांचे त्याला काहीच मिळत नाहीत. पुढच्या वर्षी तो त्या महाविद्यालयात असेल की नाही हेही ठाऊक नाही. कायम पदांची भरती वर्षानुवर्षं रखडलेली. स्कॅनरला, सॉफ्टवेअरला, कॅमेऱ्याला निविदा निघते. वाचणाऱ्या माणसासाठी मात्र निघत नाही, कारण तो एकदा घेतला की त्याला दर महिन्याला पगार द्यावा लागतो.

म्हणून धोका नव्या यंत्राचा आहे असं म्हणणं अर्धवट आहे. छापखान्याने, झेरॉक्सने, स्कॅनरने आणि आता या बोलक्या यंत्राने प्रत्येक वेळी एकाच जागी बोट ठेवलं. शिकवणं आणि वाचणं ही खर्चिक कामं टाळून, शेवटी एकदा मोजून मोकळं होण्याची जी सवय आपल्या विद्यापीठांना जन्मतः लागली, तिथे. प्रत्येक वेळी आपण मोजण्याचं नवं साधन विकत घेतलं.

हे लिहीत असताना फुल्यांच्या त्या मागणीचा विचार डोक्यातून जात नाही. घरी बसून अभ्यास करणाऱ्या ज्या मुलासाठी त्यांनी पदवीचं दार उघडायला सांगितलं, त्याच्या हातात आज फोन आहे. त्याला अडलेलं यंत्र मराठीत समजावून सांगेल, रात्री दोन वाजताही सांगेल, आणि दहाव्यांदा विचारलं तरी चिडणार नाही. ही लहान गोष्ट नव्हे. शिकवणीची फी न परवडणाऱ्यासाठी तर मुळीच नव्हे. पण ते चुकीचंही तितक्याच आत्मविश्वासाने सांगेल, आणि कुठे चुकलं हे दाखवणारं कुणी भेटलं नाही तर तो मुलगा ते खरं धरून परीक्षेला जाईल. फुल्यांच्या काळी त्याला दार हवं होतं. आज त्याचं लिहिलेलं वाचणारं कुणीतरी हवं आहे, आणि त्या जागेची जाहिरात अजून निघालेली नाही.